मावशीच्या वहीतलं निळं बटण

जुन्या तंत्रज्ञानाबद्दल काही बोललं की आमच्या धंद्यातली पोरं (मी मोबाईल ॲप्स बनवतो, नातेवाईकांच्या भाषेत 'तो कंप्युटरमध्ये आहे') 'नॉस्टॅल्जिया' म्हणून विषय निकालात काढतात. म्हणून आधीच सांगतो, मला लोकलच्या कुपनांचं अचानक प्रेम आलेलं नाही. पुस्तिका घ्या, भाड्याएवढी कुपनं मोजा, मशीनमध्ये एकेक घाला आणि शाई पुसट उमटली की टीसीशी हुज्जत घाला.. २०१५ च्या सुमारास ती गेली, बरंच झालं.

पण ते मशीन एकदा शिकलं की शिकलं. कुपन आत, तारीख-वेळेचा शिक्का, कुपन बाहेर. शिवाय ते सगळ्यांसमोर टांगलेलं, त्यामुळे पुढच्याचं बघून मागचा आपोआप शिकायचा. फुलांच्या पाट्या घेऊन पहाटे वसईहून दादरला निघालेल्या बायकांनाही कोणी 'ट्युटोरियल' दाखवलं नव्हतं. ॲप ज्याच्या-त्याच्या खिशात. एकट्याने चाचपडायचं, आणि जमलं म्हणेपर्यंत अपडेट हजर!

नोकिया ११०० आठवतो? २००३ चा. पाचच्या बटणावर बारीक उंचवटा असायचा. विरार फास्टमध्ये एक हात कडीला आणि दुसरा खिशात, अशा अवस्थेत न बघता 'पोचतो' असा मेसेज टाकणारे महाभाग मी पाहिलेत. काचेवर बोटाला कळतं काय? काहीच नाही. मग निदान बटणाची जागा तरी बदलू नका की!

तिकिटाचंच बघा. २०१४ च्या अखेरीस मुंबईत यूटीएस ॲप आलं, पुढच्या वर्षी छापील कागदाची गरजही संपली. टीसी दिसल्यावर लोक तिकीट काढतील म्हणून रुळांजवळ ते निघू नये अशी जीपीएसची मेख मारली होती. कारण खरं आहे, पण फुकट्याला पकडायचा सगळा जाच धावतपळत आलेल्या प्रामाणिक माणसाला! जुलै २०२५ मध्ये रेलवन आलं. आरक्षण, लोकलचं तिकीट, गाडीची चौकशी एका जागी आली, सोय वाढली, मान्य. फक्त दहा वर्षांत बोटांना जे पाठ झालं होतं ते पुन्हा पहिल्या धड्यापासून.

आमच्या नालासोपाऱ्याच्या मावशीने एका ॲपसाठी (नाव नको) वहीत लिहून ठेवलंय, "खाली उजवीकडे निळं बटण". अपडेट आला, बटण वर गेलं आणि पांढरं झालं. मावशी म्हणाली, "माझंच डोकं चालत नाही रे हल्ली." माझा संताप होतो तो इथे. चाळीस वर्षं घरखर्चाचा पै-पैचा हिशेब ठेवलेली बाई, आणि आपण तिला स्वतःच्या डोक्याबद्दल शंका घ्यायला लावतो. वर मराठी कसलं? 'आपली विनंती अयशस्वी झाली आहे'! 'झालं नाही, परत करा' म्हणायला काय होतं?

आणि हे बदल का होतात, ते आतलं सांगतो. बटण जागच्या जागी ठेवल्याबद्दल कोणाला पगारवाढ मिळत नाही. 'रिडिझाइन केलं' म्हटलं की मिळते. बास. बाकी ते 'युजर एक्स्पिरियन्स' वगैरे प्रेझेंटेशनपुरतं.

माझी मागणी साधी आहे. रूप बदलायचं तर आधी महिनाभर सांगा, आणि 'जुनंच ठेवा' असं एक बटण द्या, ठळक मराठीत. कोडच्या दृष्टीने हे कटकटीचं आहे, दोन-दोन रूपं सांभाळावी लागतात, हे मला ठाऊक आहे. सांभाळा. पगार त्याचाच घेतो आपण.