साध्या गाडीचे प्रवासवर्णन

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना काही नावे ठरल्यासारखी येतात. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’, गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’, पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ आणि ‘पूर्वरंग’. या पुस्तकांच्या थोरवीविषयी आमचा वाद नाही. वाद आहे तो या यादीने नकळत केलेल्या व्याख्येशी. प्रवास म्हणजे हौस, प्रवास म्हणजे परदेश, आणि प्रवासी म्हणजे ज्याला परतल्यावर सांगण्याइतकी सवड आहे असा मनुष्य, असे ही यादी सुचवते. ती पाठ करून परीक्षेला बसणारा आमचा विद्यार्थी मात्र पहाटे गावातून निघणारी एसटीची साधी गाडी पकडून, तालुक्याला उतरून, तेथून दुसऱ्या गाडीने शहरातल्या महाविद्यालयात येतो. त्याच्या या जाण्यायेण्याला आपण ‘प्रवास’ म्हणत नाही. तो निव्वळ ‘ये-जा’ करतो.

वास्तविक पाहता आपल्या परंपरेचा आरंभ असा नाही. विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाले. १८५७च्या धामधुमीत सापडलेल्या या वरसईच्या भिक्षुकाने घर सोडले ते देशाटनाच्या आवडीने नव्हे. डोक्यावर कर्ज होते, उत्तरेत यज्ञ होणार होता आणि मोठी दक्षिणा मिळण्याची आशा होती. म्हणजे मराठीतील एक अग्रगण्य प्रवासवर्णन हे गरजेपोटी, बेताच्या पैशांत, मिळेल त्या साधनाने केलेल्या प्रवासाचे आहे. पुढे दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांतून अशा अगतिक प्रवासाचे दर्शन पुन्हा घडले. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मध्ये (१९८०) बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालणारे कैकाडी कुटुंब आहे. पण अभ्यासक्रमात ते ‘आत्मकथन’ या कप्प्यात जाते. ‘प्रवासवर्णन’ हा कप्पा विमानतळासाठी राखून ठेवलेला असतो.

या कप्पेबंदीत सर्वांत मोठी गैरहजेरी एसटीची आहे. १ जून १९४८ रोजी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ते पुणे अशी पहिली एसटी धावली. १९६० साली राज्यनिर्मितीनंतर महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ अस्तित्वात आले. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे त्याचे ब्रीद. तेव्हापासून ग्रामीण महाराष्ट्रातील शिक्षण, बाजार, बाळंतपण, कोर्टकचेरी, लग्न आणि मयत या सर्वांचे वेळापत्रक एसटीच्या वेळापत्रकाला बांधलेले आहे. संध्याकाळी गावात येऊन रात्री तेथेच थांबणारी आणि पहाटे परतणारी ‘मुक्कामी गाडी’ ही एक स्वतंत्र सामाजिक संस्थाच म्हटली पाहिजे. तिच्यातून वर्तमानपत्र आले, औषध आले, निकाल कळला. फाटा, टप्पा, थांबा, आगार, मुक्कामी, विनाथांबा, विनावाहक असा केवढा तरी शब्दसंभार या व्यवस्थेने मराठीत रुळवला. इतके असूनही आपल्या ललित साहित्यात एसटी मुख्यतः दोन रूपांत दिसते. एक, विनोदाचे साधन म्हणून. पुलंच्या ‘म्हैस’मध्ये एका म्हशीला गाडीची धडक बसते आणि खोळंबलेल्या उतारूंमधून अवघा समाज उभा राहतो. हे तिचे उत्तम उदाहरण. दुसरे, शहरात स्थिरावलेल्या लेखकाच्या स्मरणरंजनाचा विषय म्हणून. आज याच क्षणी फाट्यावर उभा असलेला माणूस या दोन्हींत नाही.

नावांकडे पाहू. साहित्याच्या अभ्यासकाला नावांकडे दुर्लक्ष करता येत नाही. शिवनेरी, शिवशाही, शिवाई, हिरकणी ही महामंडळाच्या वरच्या भाड्याच्या गाड्यांची नावे. किल्ला, राजवट, देवता आणि दंतकथा. ज्या गाडीतून सर्वांत गरीब माणूस जातो ती मात्र नुसती ‘साधी’. तिला ‘लाल डबा’, ‘लाल परी’ किंवा नुसतेच ‘यष्टी’ हे नाव लोकांनी दिले. यात ‘हिरकणी’ हे नाव आम्हांला विशेष विचार करायला लावते. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल होते, आणि ती गवळण कड्यावरून उतरून गेली. तिची कथा ही मुळात ठरल्या वेळी बाहेर पडू न शकलेल्या आणि जाण्याचे साधन नसलेल्या बाईची कथा आहे. तिचे नाव निमआराम गाडीला द्यावे आणि संध्याकाळची शेवटची साधी गाडी चुकलेल्या बाईला फाट्यावर उभे ठेवावे, यातील विरोधाभास वर्गात समजावून सांगावा लागू नये.

येथे कोणी म्हणेल की तोट्यातील महामंडळाने काय करावे? हा आक्षेप खोटा नाही. १९५०च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यातच हा पेच आहे. त्याचे अठरावे कलम महामंडळावर कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसूत्र वाहतूकसेवा देण्याचे कर्तव्य सोपवते. बाविसावे कलम व्यावसायिक तत्त्वांवर कारभार करण्यास सांगते. पुरेपणाचे माप गावागणिक घ्यावे लागते, व्यवसायाचे माप किलोमीटरमागे पडणाऱ्या उत्पन्नाने. दोन्ही मापे एकाच गाडीला लावली की बळी जाते ती आडमार्गाची, कमी भाऱ्याची साधी फेरी. २५ जानेवारी २०२५पासून भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. त्याआधी सवलतीही वाढल्या होत्या. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास विनामूल्य झाला आणि मार्च २०२३पासून महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. या सवलतींचे आम्ही स्वागतच करतो. कधी नव्हे त्या बायका माहेरी, बाजाराला, देवाला एकट्या निघाल्या, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु सवलत तिकिटावर असते, आणि तिकीट गाडीत मिळते. जी गाडी गावात येतच नाही तिच्या अर्ध्या तिकिटाचा उपयोग काय? आणि आरामगाडीचे अर्धे तिकीट परवडले तरी ती फाट्यावर थांबत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. साध्या गाडीचा कैवार घेणे म्हणजे गैरसोयीचे उदात्तीकरण, असे काही मित्र म्हणतात. नव्या पिढीला वातानुकूलित गाडी का मिळू नये? अवश्य मिळावी. मोडकी आसने, गळके छत आणि पाऊल ठेववत नाही अशी स्वच्छतागृहे यांत आम्हांला कोणतेही सौंदर्य दिसत नाही. ‘साधी’ याचा अर्थ ‘हलकी’ असा होऊ देणे हाच मुळात अपराध आहे. पण सोय म्हणजे काय, हेही नीट विचारले पाहिजे. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात एका तरुणीवर अत्याचार झाला, तो उभ्या असलेल्या शिवशाही गाडीत. आसनाच्या मऊपणाने प्रवासी सुरक्षित होत नाही. स्थानकात उजेड हवा, पहारा हवा, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस चौकशीच्या खिडकीत हवा. या गोष्टी भाड्याच्या श्रेणीनुसार वाटता येत नाहीत. त्या सर्वांना मिळतात किंवा कोणालाच मिळत नाहीत.

एसटी नसते तेव्हा काय होते, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. राज्य शासनात विलीनीकरणाची मागणी घेऊन कर्मचाऱ्यांनी २०२१च्या उत्तरार्धात पुकारलेला संप एप्रिल २०२२पर्यंत लांबला. कर्मचाऱ्यांच्या अल्प आणि अनियमित वेतनाचे दुःख त्यामागे होते, हे विसरता कामा नये. त्याच काळात करोनानंतर वर्ग नुकतेच उघडत होते. खाजगी जीपचे भाडे रोज देणे ज्यांना शक्य होते ती मुले आली, इतर घरी राहिली. आणि ज्या घरात मुलगा व मुलगी दोघेही शिकत होते तेथे कोणी घरी राहायचे हे बहुधा आधीच ठरलेले होते. महिन्याच्या पासात दोन तृतीयांश सवलत हा पुष्कळ घरांत पदवी आणि शेतमजुरी यांच्यामधला फरक असतो. आम्ही प्राध्यापक हजेरीपटावर ‘गैरहजर’ अशी खूण करतो, तेव्हा ती खूण विद्यार्थ्याच्या आळसाची आहे की रद्द झालेल्या फेरीची, हे पटावर कोठेही उमटत नाही.

म्हणून आमचे म्हणणे दोन पातळ्यांवर आहे. पहिली पातळी साधी, व्यवहाराची. महाविद्यालयांनी आपले वेळापत्रक ठरवताना आगाराचे वेळापत्रक समोर ठेवावे. कोणत्या गावची कोणती फेरी बंद झाली आणि तिथले किती विद्यार्थी गळाले, याची नोंद प्रत्येक विभागाने ठेवावी, आणि ती नोंद घेऊन प्राचार्यांनी दरवर्षी आगारप्रमुखांकडे जावे. पासासाठी रांगेत उभ्या असलेल्या मुलाच्या शब्दापेक्षा या कागदाला वजन अधिक असेल.

दुसरी पातळी आमच्या विषयाची. प्रवासवर्णनाच्या अभ्यासपत्रिकेत अंतर्गत मूल्यमापनासाठी विद्यार्थ्याला त्याच्या रोजच्या प्रवासाचे वर्णन लिहायला सांगावे. खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा, तिच्यावरून होणारे भांडण आणि तिसऱ्या थांब्यापर्यंत जुळणारे नाते. विधिमंडळ सदस्यांसाठी राखीव असलेले आसन आणि त्यावर मांडीवर कोंबडी घेऊन बसलेली म्हातारी. सुट्ट्या पैशांवरून वाहकाशी चाललेला संवाद. शेजारच्याच्या मोबाइलवरचे भजन. या मुलांना वर्ण्य विषय नाही, असे आपण समजत आलो. त्यांना विषय आहे. तो लिहिण्याजोगा आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. गोडसे भटजींना शेजारी बसवून हे लेख वाचले, तर प्रवासवर्णन या प्रकाराची व्याख्या आपल्यालाच बदलावी लागेल. ती बदलावी असे आम्हांला वाटते, कारण तोपर्यंत साध्या गाडीतून येणारा आमचा विद्यार्थी आपल्याच साहित्याच्या वर्गात उभ्याने प्रवास करत राहणार आहे.