वर्गखोली बांधण्यापूर्वी

गेल्या पर्युषणात आमच्या तालुक्याच्या गावी एका व्यापारी कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेस दोन वर्गखोल्या बांधून देण्याचा संकल्प सभेत जाहीर केला. सर्वांनी अनुमोदना केली. दिवाळीनंतर त्या घरचे थोरले बंधू माझ्याकडे आले, तेव्हा नकाशा तयार होता, ठेकेदार ठरला होता आणि संगमरवरी नामफलकाचा मजकूरही लिहून झाला होता. मी विचारले, "मुख्याध्यापिकाबाईंना भेटलात का?" ते म्हणाले, "उद्घाटनाला त्यांना बोलावणारच आहोत."

मला हसू आले; पण हसण्याचा अधिकार मला नाही. वीस वर्षांपूर्वी आमच्या घराण्याने मातोश्रींच्या नावे एका शाळेस खोली बांधून दिली. रस्त्यावरून फलक दिसावा म्हणून जागा आम्हीच निवडली. खिडक्या पश्चिमेस आल्या. दुपारी उन्हाने मुलांना फळा दिसेना. जमीन काळी, आणि पाया मुरमापर्यंत न नेता जेमतेम तीन फुटांवर थांबवलेला. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हे आमच्या शेतकरी गिऱ्हाइकांपैकी कोणीही सांगितले असते. पाचव्या पावसाळ्यात भिंतीला तडा गेला. दुरुस्ती दात्याने करावी असे शाळा म्हणे, शाळेने करावी असे आम्ही म्हणू. आज तेथे मोडकी बाके आणि पोषण आहाराची रिकामी पोती पडलेली असतात. दारावर मातोश्रींचे नाव आहे. त्या रस्त्याने जाणे मी टाळतो.

हे सारे त्या बंधूंना सांगितले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे शाळेत गेलो. शाळेचा पट 83, शिक्षक तीन, धड अशा खोल्या दोन. तिसरी खोली कौलारू असून तिची तुळई वाकलेली. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि 61 ते 90 मुलांस तीन शिक्षक लागतात. प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली असावी लागते. म्हणजे या शाळेस हवी होती एकच नवी खोली. दुसरी बांधली असती तर तिला शिक्षक कोठून मिळणार? शिक्षकांची पदे पटावर ठरतात, दात्याच्या औदार्यावर नव्हे. उलट मुलींच्या स्वच्छतागृहास पाणी नव्हते. कुंपणाची भिंत अर्धीच होती, त्यामुळे सायंकाळनंतर आवारात गुरे शिरत. बाई हे तक्रारीच्या सुरात बोलल्या नाहीत. आम्ही विचारले म्हणून त्यांनी सांगितले, एवढेच.

येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगणे अवश्य आहे. मोडकळीस आलेली खोली दाता आपल्या हाताने पाडू शकत नाही. जिल्हा परिषदेकडून तिच्या निर्लेखनाची मंजुरी घ्यावी लागते. नव्या खोलीस शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव हवा. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणून हा ठराव केवळ कागद समजू नये. त्यानंतर बांधकाम विभागाची तांत्रिक मंजुरी. या सर्वांस महिने लागतात. पावसाळ्यापूर्वी छत पूर्ण व्हावयाचे असेल तर पाया हिवाळ्यातच निघाला पाहिजे. मुहूर्त काढणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

नकाशात पाहण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या दाते क्वचित पाहतात. खिडक्या शक्यतो उत्तर-दक्षिण असाव्यात. ओसरी रुंद असावी. चाकाच्या खुर्चीवरील मूल येऊ शकेल असा उतार ठेवावा. एक फूट उंचीस बारा फूट लांबी. वर्गाला दोन दारे असावीत आणि स्वयंपाकघर वर्गांपासून दूर. तमिळनाडूत कुंभकोणम येथे 16 जुलै 2004 रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातून पसरलेल्या आगीत 94 बालके दगावली. ती आठवण असताना दुसऱ्या दाराचा खर्च वाचवावासा कोणास वाटेल?

आता पैशांचे. दुकान घेताना आपण नुसती पागडी पाहत नाही. भाडे, वीज, नोकर यांचाही मेळ घालतो. दानाच्या वेळी मात्र ही वही मिटलेली असते. ठेकेदारास रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी: जोते, छत, गिलावा. शेवटचा हप्ता एक पावसाळा पाहून. माझ्या मते एकूण रकमेचा दहावा हिस्सा दुरुस्तीसाठी मुदत ठेवीत निराळा काढावा. आपल्या अनेक बंधूंचा समज असतो की दुकानातील सिमेंट, लोखंड दिले तरी प्राप्तिकरात वजावट मिळते. तशी ती वस्तुरूप दानास मिळत नाही. दोन हजारांवरील रोख दानासही नाही, आणि नवी करप्रणाली स्वीकारली असल्यास बहुतांशी मुळीच नाही. वजावट हवी असेल तर पैसे ज्या संस्थेमार्फत जाणार तिची नोंदणी आधी तपासावी.

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजात जन्मले. त्यांच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. त्या दागिन्यांतून कोणती भिंत उभी राहिली नाही, की ज्यावर नाव कोरावे. मुले मात्र जेवली.

त्या बंधूंना हे पटण्यास वेळ लागला, हे नमूद केले पाहिजे. सभेत "दोन खोल्या" असा शब्द गेला होता, आणि व्यापाऱ्याला शब्द मोडणे जड जाते. घरात धाकट्या भावाचा विरोध झाला. लोक काय म्हणतील, हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता. शेवटी मातोश्रींनी निर्णय दिला: एक खोली, स्वच्छतागृहास पाण्याची टाकी व नळ, कुंपण पूर्ण, आणि उरलेली रक्कम ठेवीत. वडिलांचे नाव टाकीवर घातले तरी चालेल, असे त्या म्हणाल्या.

नवा नकाशा घेऊन आम्ही पुन्हा शाळेत गेलो. बाईंनी तो शांतपणे पाहिला आणि एकच दुरुस्ती सुचवली. फळा दीड फूट खाली घ्यावा; पहिलीच्या मुलांचा हात त्याला पोचत नाही.