खंड झाकू नका



‘नोकरीतला खंड दिसू नये म्हणून बायोडेटातल्या तारखा पुढेमागे करा’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला वाचून राहवले नाही. भोसरीतल्या एका लहान कारखान्यात मी भरतीचे काम पाहते. पीएफ कापला जात असेल तर यूएएनवर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. ती बायोडेटाशी जुळली नाही, की आमच्याकडे अर्ज बाद होतो; मग हातात कितीही कसब असो.

मधल्या काळातले काम लिहायला लोक का लाजतात, हेच मला कळत नाही. कामावरून कमी केलेला एक टर्नर आला होता. कागदावर मधला काळ कोरा. मेहुण्याच्या वर्कशॉपात जॉबवर्क करत होतो, हे चहा घेताना बोलता बोलता निघाले. लेथवर उभा केला, तर बुश पहिल्याच खेपेला मापात! ते जॉबवर्क बायोडेटात सर्वांत वर हवे होते.

जुन्या मालकाने सोडल्याची तारीख भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती पीएफच्या पोर्टलवर स्वतः भरता येते. अर्ज करण्याआधी तेवढे जरूर पाहा.

– एक वाचक, भोसरी