बाणावरचे शब्द

बँकेची संगणकप्रणाली लिहिणारा तरुण पुण्यात वा बंगळुरूत बसलेला असतो. पीककर्जाचे मर्म जाणणारा अधिकारी सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या शाखेत, आणि पुष्कळदा निवृत्तीच्या उंबरठ्यावर. हे अंतर सांधण्यासाठी लांबलचक टिपणे लिहून देण्याची रीत आहे. ती फारसे कोणी वाचत नाही, हा माझा अनुभव.

त्याहून उपयुक्त साधन म्हणजे संकल्पना-नकाशा. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक यांनी १९७२ च्या सुमारास, मुलांची विज्ञानाची समज कशी बदलत जाते हे नोंदवण्यासाठी ही पद्धत विकसित केली. चौकटींत संकल्पना लिहावयाच्या, त्या बाणांनी जोडावयाच्या आणि प्रत्येक बाणावर नाते सांगणारे शब्द लिहावयाचे. चौकट, बाण, चौकट असे वाचले की पूर्ण विधान झाले पाहिजे. नुसत्या रेघा ओढून भागत नाही.

पीककर्जाचेच पाहा. सर्वसाधारण मुदतकर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. पीककर्जाचे तसे नाही. रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार अल्पमुदतीच्या पिकासाठी दोन हंगाम, तर वर्षाहून अधिक काळ घेणाऱ्या पिकासाठी एक हंगाम थकबाकी राहावी लागते. आणि हंगाम ठरवते राज्यस्तरीय बँकर्स समिती. म्हणजे ‘पीककर्ज’ या चौकटीतून निघालेला बाण ‘दिवस’ या चौकटीकडे जातच नाही. तो ‘पीक’ आणि ‘हंगाम’ यांच्या वाटेने जातो. आता ‘ऊस’ लिहा. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या आडसाली उसाला तोडणीपर्यंत १६ ते १८ महिने लागतात. जानेवारी-फेब्रुवारीतला सुरू ऊस साधारण १२ महिन्यांत तुटतो. प्रणालीत नुसती ‘ऊस’ अशी नोंद असेल, तर हा भेद कोठे उमटणार? टिपणात तो सहज निसटतो. नकाशा काढताना मात्र ‘ऊस’ आणि ‘हंगाम’ यांमधील बाणावर काय लिहावे हेच सुचत नाही, आणि तेथे अधिकारी थांबतो.

शिवाय वर्गीकरण कर्जदारनिहाय होते. एक खाते चुकीने अनुत्पादक ठरले की त्याच शेतकऱ्याचे नियमित फेडले जाणारे ट्रॅक्टरचे कर्जही त्या यादीत ओढले जाते. मग पुढच्या लागणीला त्याने कोणाच्या दारात जावे?

आपल्या घरांतील जी मुले या व्यवसायात आहेत, त्यांनी पहिल्या बैठकीला संगणक उघडूच नये. मोठा कागद, पेन्सिल आणि एकच नेमका प्रश्न घेऊन जाणत्या माणसाशेजारी बसावे. खोडरबर मात्र चांगला मोठा न्यावा.