रायफलीचा सोस सोडा, पीकरक्षणाचा परवाना मागा

समाजबांधवांनो, सीमाभागातील आमच्या जुन्या घराण्यांत बंदूक ही नवलाईची वस्तू नव्हे. परंतु अलीकडे कोळारपासून आळंदपर्यंत तरुण मंडळी विचारतात, रानडुकरांसाठी नवी लिव्हर-ॲक्शन रायफल घ्यावी काय? आमचे स्पष्ट मत आहे : घेऊ नये.

ही रायफल वाईट आहे असे नाही. चापाभोवतीची कडी खाली-वर केली की रिकामे काडतूस बाहेर पडते व नवे चढते. विंचेस्टरचे १८९४ चे मॉडेल याच पद्धतीचे. पण सामान्य परवानाधारकाला नवी परदेशी रायफल आयात करता येत नाही. मिळालीच तर हातोहात फिरलेली जुनी, तीही भरमसाट किमतीला. शिवाय चुकलेली गोळी मैलभर जाते. आमच्या उघड्या माळावर पलीकडे कोणाची वस्ती असते, हे ध्यानात घ्यावे.

आणि शिकार म्हणाल, तर वन्यजीव कायद्यातील १९९१ च्या दुरुस्तीने तिचे परवानेच बंद झाले. रानडुकरासाठीही कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते. काळविटाला तर हात लावू नये, तो अनुसूची १ मधील प्राणी आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे मारण्याची परवानगी नव्हे. (हे सांगितले की मंडळी नाराज होतात, त्याला आमचा इलाज नाही.)

शेतकऱ्याच्या कामाची तरतूद वेगळीच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १३(३) पाहा. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो, आणि ती अपुरी आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर साध्या नळीच्या दुसऱ्या बंदुकीचाही. अर्जाला पहाणी व नुकसानीच्या पंचनाम्याची नक्कल जोडावी, तोंडी गाऱ्हाण्याला कचेरीत किंमत नसते.

आता सरकारला आमचा प्रश्न. कोडगूच्या बांधवांना बंदुकीच्या परवान्यातून २०२९ पर्यंत सूट आहे. आम्ही सूट मागत नाही, अर्जावर वेळेत निर्णय मागतो. दुसरे, निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. २०२० च्या ग्रामपंचायत निवडणुकीचे मतदान डिसेंबरात झाले, म्हणजे तूर काढणीला आलेली. ज्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिची राखण त्या दिवसांत कोणी करायची? पीकरक्षणाच्या बंदुकांचा विचार छाननी समितीने स्वतंत्रपणे करावा, ही मागणी प्रत्येक उमेदवारापुढे ठेवा व उत्तर लेखी घ्या.