बोबडे बोल : सर्वांना एकच उपचार कसा?

चार वर्षांचे मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणते, तेव्हा घरात कौतुक होते. खरे तर तेव्हा तपासणी हवी. वाचा-उपचारतज्ज्ञ आधी श्रवणचाचणी करून घेतात, मग चुकांचा साचा शोधतात. फक्त ‘र’ अडत असेल, तर जीभ कुठे टेकवायची हे शिकवतात. ‘क’चा सर्रास ‘त’ होत असेल, तर ‘कार-तार’, ‘काप-ताप’ अशा जोड्यांतून अर्थाचा फरक दाखवतात. एकच शब्द दर वेळी वेगळा उमटत असेल, तर रोजचे मोजके शब्द पक्के करून घेतात. नुसते फुगे फुगवून उच्चार सुधारतात, याला भक्कम पुरावा नाही. म्हणूनच ‘किती दिवस लागतील?’ याआधी पालकांनी ‘हाच उपचार का?’ हे विचारायला हवे.