पत्र लिहिण्याचा गुन्हा

ऑक्टोबर २०१९. वर्ध्यात, सेवाग्रामच्या शेजारी, गांधींच्याच नावाच्या हिंदी विद्यापीठाने सहा विद्यार्थ्यांना काढून टाकले. झुंडबळींसारख्या प्रश्नांवर पंतप्रधानांना पत्रे लिहायला ते जमले होते, एवढाच गुन्हा. सबब निवडणूक आचारसंहितेची. आचारसंहिता पक्षांना, उमेदवारांना, सत्ताधाऱ्यांना बांधते. नागरिकाच्या पत्राला नव्हे. ओरड झाली आणि चारच दिवसांत आदेश मागे घेतला गेला, तोही तांत्रिक त्रुटींचे कारण देऊन. म्हणजे चुकला तो कागद, विचार नव्हे! आदेश गेला, धाक राहिला. सातवा विद्यार्थी आता लेखणी उचलण्याआधी परवानगी मागेल. परवानगी घेऊनच बोलायचे, तर संविधानातले कलम १९ कशाला? आणि फाटकावर गांधींचे नाव तरी कशाला?